एलएलएममध्ये व्यवसाय कायद्याचा अभ्यास कसा करावा: सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

एलएलबीच्या वर्गात कलम काय सांगते हे शिकवले जाते. एलएलएममध्ये, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात, ते कलम तसे का आहे, त्याचा भार कोणावर पडतो आणि न्यायालयांनी त्याला कोणत्या दिशेने वळवले, हे विचारले जाते. व्यवसाय कायद्याचा गट घेणाऱ्याला हा फरक पहिल्याच सत्रात जाणवतो. करार, माल विक्री, भागीदारी, कंपनी, परक्राम्य संलेख (चेक, हुंडी इत्यादी), स्पर्धा, दिवाळखोरी, बौद्धिक संपदा, लवाद अशी विषयांची रांग समोर उभी राहते आणि प्रत्येकाचे जाडजूड पुस्तक आणून तो सुटा सुटा पाठ करावा, असे वाटू लागते. माझ्या मते या गटासाठी यापेक्षा कमी उपयोगाची पद्धत नाही. व्यापारातला एकच व्यवहार एकाच वेळी पाच-सहा कायद्यांच्या कक्षेत असतो. त्या व्यवहाराचा माग काढत गेले, तर हे कायदे कोठे एकमेकांना पूरक ठरतात आणि कोठे एकमेकांना छेद देतात, हे आपोआप उलगडत जाते. सोलापुरात राहून शिकणाऱ्याला असे व्यवहार शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतले टॉवेलचे कारखाने, बाजार समितीतले कांद्याचे अडते आणि जिल्हाभर पसरलेले साखर कारखाने ही या विषयाची जिवंत सामग्री आहे.

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील एलएलएम एक वर्षाचे असते आणि त्यांतील बहुतेकांसाठी क्लॅट या सामायिक विधी प्रवेश परीक्षेचा पदव्युत्तर पेपर द्यावा लागतो. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. राज्यातील पारंपरिक विद्यापीठांचा अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचा असतो. एका वर्षात विषय वाचून होतो, पण तो मुरायला वेळ मिळत नाही. ज्याला पुढे अध्यापन किंवा संशोधन करायचे आहे, किंवा ज्याचा इंग्रजी वाचनाचा वेग अजून कमी आहे, त्याने दोन वर्षांचा अभ्यासक्रम दुय्यम समजू नये. गुणांच्या बाबतीत एक आकडा पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावा. सहायक प्राध्यापकपदासाठी आणि त्याच्या पात्रतेच्या नेट परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात. पहिल्या सत्रातली ढिलाई शेवटच्या सत्रात भरून काढणे अवघड जाते.

पाया: करार आणि कंपनी

पहिले दोन महिने दोनच कायद्यांना द्यावेत, १८७२ चा करार कायदा आणि २०१३ चा कंपनी कायदा. करार कायदा एलएलबीला झाला आहे म्हणून तो ओलांडून पुढे जाणारे विद्यार्थी नंतर दिवाळखोरीच्या किंवा लवादाच्या प्रकरणात अडखळतात, कारण तेथील निम्मे वाद शेवटी करार झाला होता का, कोणत्या अटींवर झाला होता आणि तो मोडल्यावर काय मागता येते, याच प्रश्नांवर येऊन थांबतात. त्यातही कलम २३, २७, २८, ५६, ७३ आणि ७४ यांवर थांबून वाचावे. व्यापारावर बंधन घालणाऱ्या कराराचे कलम २७ घ्या. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट आणि नोकरी सोडल्यानंतरही तशीच अट, या दोहोंत न्यायालय फरक करते. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या १९६७ च्या निर्णयात नोकरीच्या मुदतीपुरती अट वैध ठरली, तर परसेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान या २००६ च्या निर्णयात करार संपल्यानंतरचे बंधन अमान्य झाले. हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचले, तर कलमातल्या तीन ओळी दहा पानांच्या भाष्यापेक्षा अधिक स्पष्ट होतात.

कंपनी कायद्यात ४७० कलमे आहेत. ती सगळी वाचायचा संकल्प सोडावा. कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व, संचालकांची कर्तव्ये सांगणारे कलम १६६, अल्पसंख्य भागधारकांना संरक्षण देणारी कलमे २४१ व २४२, आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची रचना एवढे पक्के झाले, की उरलेला कायदा संदर्भाप्रमाणे उघडता येतो. वाचताना मूळ अधिनियम नेहमी उघडा असावा. कलम, त्याचे परंतुक (अपवाद सांगणारा भाग) आणि स्पष्टीकरण एकत्र वाचावे आणि त्याचा आशय आपल्या मराठीत दोन-तीन वाक्यांत लिहावा. ज्याला तो मराठीत सांगता आला नाही, त्याला तो इंग्रजीतही कळलेला नसतो. त्यानंतर मात्र तोच आशय इंग्रजीत लिहिण्याचा सराव रोज करावा, कारण निकालपत्रे, भाष्ये आणि बहुतेक संशोधनपर लेख इंग्रजीतच आहेत.

एका बिलाचा माग

आता मुख्य पद्धतीकडे येतो. समजा, अक्कलकोट रोडवरील एका लघुउद्योगाने इंदूरच्या घाऊक व्यापाऱ्याला अठरा लाख रुपयांचे टेरी टॉवेल उधारीवर पाठवले. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत तीन ओळी छापल्या आहेत. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तीस दिवसांनंतर दरसाल २४ टक्के व्याज लागेल. सब्जेक्ट टू सोलापूर ज्युरिस्डिक्शन (म्हणजे वाद झाल्यास तो सोलापूरच्या न्यायालयात चालेल). सोलापूरच्या कोणत्याही पेढीत अशी बिले पाहायला मिळतील. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून एक कोरे बिल मागून घ्यावे आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावे.

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू. पक्षकारांना करार करून एखाद्या न्यायालयाला नसलेला अधिकार देता येत नाही, पण दोन न्यायालयांना अधिकार असेल तर त्यांतले एक निवडता येते, हे हाकम सिंग विरुद्ध गॅमन या १९७१ च्या निर्णयाने स्पष्ट केले. पुढचा प्रश्न असा, की बिलावर ‘फक्त’ हा शब्द नसेल तर दुसरे न्यायालय वगळले गेले असे मानायचे का? एबीसी लॅमिनार्ट विरुद्ध ए. पी. एजन्सीज, सेलम हे १९८९ चे प्रकरण धातूच्या जरीधाग्याच्या विक्रीचे होते. वाद गुजरातमधील कैरा येथील न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात राहील अशी अट त्यात होती. अटीत ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ असा शब्द नसल्याने सेलमच्या न्यायालयाचा अधिकार गेला नाही, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असा शब्द नसणे निर्णायक नाही, पक्षकारांचा हेतू पाहायचा, असे ठरवले. दोन्ही निर्णय वाचून मग त्या बिलाकडे परत यावे. तेथे एक तिसरा प्रश्न उरतो, जो पदव्युत्तर स्तरावरचा खरा प्रश्न आहे. विक्रेत्याने माल पाठवल्यानंतर स्वतःच छापून दिलेल्या कागदावरची ओळ ही खरेदीदाराने मान्य केलेली अट ठरते का? या एका प्रश्नावर दहा पानांचा निबंध लिहिता येतो.

पुढे मालाच्या दर्जाचा मुद्दा येतो. व्यापाऱ्याने नमुना पाहून मागणी दिली होती आणि आलेल्या मालाचे वजन नमुन्यापेक्षा कमी भरते, किंवा पहिल्याच धुण्यात रंग जातो, असे तो म्हणतो. माल विक्री अधिनियमाचे कलम १७ नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीचे आहे. कलम ४१ व ४२ माल तपासण्याची संधी आणि स्वीकृती यांविषयी आहेत, तर कलम ५९ हमी मोडल्यास किमतीतून वजावट मागण्याची मुभा देते. ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ या कलमांपुढे किती टिकेल, हे विद्यार्थ्याने स्वतः मांडावे आणि मगच भाष्य उघडावे.

व्याजाच्या ओळीमुळे आपण २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्यम विकास अधिनियमात शिरतो. सोलापूरच्या विद्यार्थ्याने या कायद्याला परीक्षेतल्या गुणांपेक्षा जास्त वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे. कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे चुकवण्याची मुदत लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे नेता येत नाही. कलम १६ नुसार थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. कलम १८ खाली अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते आणि तिच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला कलम १९ प्रमाणे रकमेच्या ७५ टक्के आधी भराव्या लागतात. लवादाचा करार असला तरी परिषदेचा मार्ग बंद होत नाही, हे २०२२ च्या महाकाली फूड्स प्रकरणात ठरले. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये जोडलेल्या आणि २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून लागू झालेल्या तरतुदीने खरेदीदारावर दुसऱ्या बाजूने दाब आणला. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. थकबाकीच्या एकाच प्रश्नावर एक कायदा व्याजाने आणि दुसरा कराने उत्तर देतो. त्यांतले कोणते उत्तर लहान कारखानदाराच्या अधिक उपयोगी पडते आणि कोणत्या उत्तरामुळे मोठे खरेदीदार लहानांकडून माल घेणेच टाळतील, ही चर्चा वर्गात जरूर घडवून आणावी.

येथेच एक खबरदारी सांगायला हवी. उद्योगाने नोंदणी व्यवहाराच्या आधी केलेली असली पाहिजे का, या प्रश्नावर २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात एक भूमिका आली आणि २०२५ मध्ये एनबीसीसी प्रकरणात दुसऱ्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या व्याख्याही २०२० मध्ये आणि पुन्हा १ एप्रिल २०२५ पासून बदलल्या. व्यवसाय कायद्यातले जुने पुस्तक तत्त्वासाठी उत्तम असते, आकड्यांसाठी मात्र ते कधीही वापरू नये.

व्यापाऱ्याने दिलेला चेक न वटता परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे देण्याची संधी आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद, हा क्रम पाठच असावा. फिर्याद कोठे करायची याचा इतिहास मात्र समजून घ्यावा. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१४ च्या निर्णयाने चेक ज्या बँकेवर काढला त्या बँकेच्या गावी फिर्याद करण्यास सांगितले, म्हणजे आपल्या टॉवेलवाल्याला इंदूर गाठावे लागले असते. संसदेने २०१५ च्या दुरुस्तीने हे बदलले आणि चेक मिळालेल्याने आपल्या खात्यात भरलेल्या चेकसाठी ते खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयाला अधिकार दिला. त्यामुळे खाते सोलापूरच्या शाखेत असेल तर फिर्याद सोलापुरात होते. न्यायालयाने कायद्याचा लावलेला अर्थ व्यापाराच्या सोयीसाठी संसदेने दीड वर्षाच्या आत कसा बदलला, याचे इतके नेटके उदाहरण क्वचित सापडेल.

दावा दाखल करायचा झाल्यास २०१५ चा वाणिज्यिक न्यायालये अधिनियम पाहावा. त्याखाली येण्यासाठी लागणारी वादाची किमान रक्कम २०१८ मध्ये एक कोटीवरून तीन लाखांवर आली, त्यामुळे आपला अठरा लाखांचा वाद त्यात बसतो. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर कलम १२ए खाली आधी मध्यस्थीला जावे लागते आणि तसे न करता दाखल केलेला दावा फेटाळला जाऊ शकतो, हे २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निर्णयाने पक्के केले. नादारी व दिवाळखोरी संहितेचा धाक दाखवण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण २४ मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी झाली आहे. थकबाकी एक कोटीच्या वर असती तरी खरेदीदाराने मागणीच्या नोटिशीपूर्वीच ‘रंग जातो’ म्हणून लेखी तक्रार केलेली असेल, तर २०१७ च्या मोबिलॉक्स निर्णयाप्रमाणे आधीपासून वाद अस्तित्वात असल्याने अर्ज टिकत नाही. अर्थात ती तक्रार निव्वळ पोकळ नसावी. एवढे सगळे एका बिलातून निघाले. अशी एक टिपणी स्वतःच्या हाताने चार पानांत लिहून काढावी आणि सत्र संपताना तीच पुन्हा दुरुस्त करावी.

निकालपत्र वाचण्याचा धडा: सोलापूरची गिरणी

भारतीय संविधानाच्या पहिल्या वर्षातच सर्वोच्च न्यायालयासमोर सोलापूरची एक कंपनी उभी राहिली, ही गोष्ट येथील विद्यार्थ्याला आधीच माहीत असायला हवी. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ मध्ये बंद पडली. गैरव्यवस्थापनामुळे आवश्यक वस्तूच्या उत्पादनावर परिणाम होत आहे आणि कामगार बेकार होत आहेत, असे कारण देऊन केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये अध्यादेश काढला. पुढे त्याचा कायदा झाला. व्यवस्थापन सरकारने नेमलेल्या संचालकांकडे गेले आणि भागधारकांचे संचालक निवडण्यासारखे हक्क स्थगित झाले. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती फेटाळली गेली.

हे निकालपत्र सारांशावरून वाचू नये. प्रथम घटनाक्रम तारखांसह कोऱ्या कागदावर लिहावा. मग याचिकाकर्त्याने नेमके काय मागितले ते शोधावे. तो कंपनीची मालमत्ता गेली म्हणत होता की आपला हक्क गेला म्हणत होता, हा भेद निकालाच्या मुळाशी आहे. भागधारक हा कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो, हे तत्त्व पुढे १९५४ च्या बाचा गझदर प्रकरणात अधिक ठळक झाले. त्यानंतर बहुमत आणि अल्पमत वेगवेगळे वाचावे. एकच कंपनी हाही एक स्वतंत्र वर्ग असू शकतो आणि कायदा वैध आहे असे गृहीत धरून तो भेदभावी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी याचिकाकर्त्यावर आहे, ही बहुमताची बाजू झाली. न्यायमूर्ती पतंजली शास्त्री आणि न्यायमूर्ती एस. आर. दास यांनी, गैरव्यवस्थापन असलेल्या इतर कंपन्या सोडून एकाच कंपनीला वेगळे काढणारा हा कायदा समानतेच्या कसोटीला उतरत नाही, असे म्हटले. कोणते मत पटते हे विद्यार्थ्याने लिहावेच, पण दुसऱ्या मताचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मांडावा आणि मग आपले कारण द्यावे.

कथा तेथे संपत नाही. सरकारने नेमलेल्या संचालकांनी अग्रहक्क (प्रेफरन्स) भागधारकांकडे दर भागामागे पन्नास रुपयांची मागणी केली आणि द्वारकादास श्रीनिवास यांनी तिला आव्हान दिले. यावेळी आघात थेट भागधारकाच्या खिशावर होता. डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच कायदा, कंपनीची मालमत्ता भरपाई न देता काढून घेणारा म्हणून, मालमत्तेच्या हक्काविषयीच्या अनुच्छेद ३१ खाली अवैध ठरवला. त्यानंतर १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने मर्यादित काळासाठी व्यवस्थापन ताब्यात घेणाऱ्या कायद्यांना संरक्षण दिले आणि ४४ व्या दुरुस्तीने तर अनुच्छेद ३१ च गेला. एका गिरणीच्या या दोन निर्णयांतून कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व, राज्याची उद्योगांवरची पकड आणि भागधारकाला दाद कधी मागता येते, हे तिन्ही धागे हाती येतात. आजच्या दिवाळखोरी संहितेत कंपनीचा कारभार संचालक मंडळाकडून काढून दिवाळखोरी व्यावसायिकाकडे सोपवला जातो, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात समोर येतो. २०१७ च्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज विरुद्ध आयसीआयसीआय बँक या निर्णयात महाराष्ट्राचा १९५८ चा उद्योग साहाय्य कायदा या संहितेपुढे टिकला नाही. तो निर्णय वरच्या दोन निर्णयांनंतर लगेच वाचावा.

साधनांची चिंता करू नये. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णय ई-एससीआर या संकेतस्थळावर २०२३ पासून विनामूल्य मिळतात, अधिनियम इंडिया कोडवर असतात आणि दिवाळखोरी मंडळाचे विनियम त्याच्या संकेतस्थळावर. सशुल्क संगणकीय संग्रह महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असेल तर तेथे बसून शोध घेण्याची सवय लावावी, कारण एखादा निर्णय नंतर डावलला गेला का, हे तपासणे त्यावर सोपे जाते.

लघुप्रबंध

विषय निवडताना बहुतेकांचा कल विस्ताराकडे असतो. ‘भारतातील दिवाळखोरी कायदा: एक अभ्यास’ अशा शीर्षकाखाली पुस्तकांतली प्रकरणे नव्याने जुळवण्यापलीकडे काही होत नाही. विषय इतका अरुंद असावा, की त्यावर तुमच्याइतकी माहिती तुमच्या मार्गदर्शकांनाही नसावी. सोलापुरातून असे विषय सहज निघतात. साखर कारखान्याचेच पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास दरसाल १५ टक्के व्याज लागते आणि थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. सहकारी कारखाना १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली येतो, खासगी कारखाना मात्र कंपनी असतो. असा खासगी कारखाना दिवाळखोरीत गेला, तर दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मधील देणी फेडण्याच्या उतरंडीत ऊस घालणारा शेतकरी कोठे बसतो आणि महसुली वसुलीच्या कारवाईचे काय होते? शेजारच्या सहकारी कारखान्याच्या सभासदाची स्थिती त्याहून वेगळी का? माढा किंवा माळशिरस तालुक्यातल्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा विषय सोलापुरी चादरीचा. तिला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे. १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते, ती दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. ट्रेडमार्क विकता येतो, मानांकन मात्र कलम २४ मुळे कोणाच्या नावे हस्तांतरित करता येत नाही. कलम १७ खाली उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येते. शहराच्या पूर्व भागात प्रत्यक्ष चादर विणणाऱ्या किती जणांनी हे केले आहे, ज्यांनी केले नाही त्यांची कारणे कोणती, आणि बाहेरगावचा माल त्याच नावाने विकला गेल्यास दाद मागायला कोण पुढे येते, हे प्रश्न घरोघर फिरून विचारण्याचे आहेत. पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात. ती भाषा येत नसेल तर येणारा सोबती न्यावा आणि प्रश्नावली आधी त्याच्याशी बोलून पक्की करावी. सुरुवातीलाच उलाढालीचे आकडे विचारू नयेत, माणूस गप्प होतो. कामाची पद्धत, माल कोण उचलतो, पैसे किती दिवसांनी येतात, अशा क्रमाने गेल्यास कायद्याचा मुद्दा बोलण्यातून आपसूक येतो. माहिती देणाऱ्याची संमती लेखी घ्यावी आणि प्रबंधात त्याचे नाव देऊ नये.

न्यायाधिकरणाचे कामकाज एकदा तरी पाहावे. महाराष्ट्रातील कंपन्यांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात चालतात. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली तर सकाळी मुंबईत उतरून दिवसभर बसता येते. उच्च न्यायालयासाठी आता तेवढे लांब जायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. जाण्यापूर्वी त्या दिवसाची कार्यसूची पाहून दोन-तीन प्रकरणांतील आधीचे आदेश वाचून ठेवावेत, नाहीतर वकिलांचे बोलणे कानावरून जाते आणि हाती काही लागत नाही.

लेखनाच्या बाबतीत २०१८ चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक विनियम आधी वाचावेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, चाळीस टक्क्यांपर्यंत दुरुस्त करून पुन्हा सादर करावे लागते आणि त्यापुढे परिणाम गंभीर होत जातात. निकालपत्रातला उतारा जसाच्या तसा घेतला तर तो अवतरणात आणि परिच्छेद क्रमांकासह द्यावा. पण अवतरणांनी पाने भरण्यापेक्षा आपल्या वाक्यात युक्तिवाद मांडणे केव्हाही चांगले.

लेखी परीक्षेतही हीच सवय कामाला येते. प्रश्न आला की कायद्याचा इतिहास लिहायला बसू नये. प्रश्नाने उभा केलेला पेच पहिल्या परिच्छेदात सांगावा, मग तत्त्व, मग कलम, मग निर्णय आणि शेवटी त्या निर्णयातली उणीव किंवा बळ. पाच निर्णयांची नावे देण्यापेक्षा दोन निर्णयांतली वस्तुस्थिती नेमकी लिहिली, तर परीक्षकाला उत्तर लिहिणाऱ्याने मूळ निकाल उघडला होता हे कळते.

मौखिक परीक्षेत व्यवसाय कायद्याच्या विद्यार्थ्याला बहुधा तीन गोष्टी विचारल्या जातात. हीच माणसे मुलाखतीसाठी का निवडली, याच प्रश्नावर उलट बाजूचा निर्णय आहे का, आणि प्रबंधातला कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे. तिसऱ्याचे उत्तर प्रस्तावनेतच एका वाक्यात छापावे आणि सादर करण्याच्या आठवड्यात प्रत्येक कलमाची व प्रत्येक मर्यादेच्या रकमेची इंडिया कोडवरून पुन्हा पडताळणी करावी.